सियागंजातलं माप

घरचा काटा एकशे दहाला थांबतो,
म्हणून भंवरलालजींच्या गोदामात
जिऱ्याच्या पोत्यांमधून वाट काढत मोठ्या काट्यावर चढलो.
हमालाने वजनं सरकवली आणि अख्ख्या गल्लीला ऐकवलं:
"एक क्विंटल अठरा. बारदान समेत."
बारदान म्हणजे माझी पँट, चपला,
खिशातली स्कूटरची किल्ली.

तोच आकडा फोनवरून महेश्वरला कळवला.
तन्मय चौरे जरा वेळ गप्प.
मग म्हणाला, "काका, खेळायची कायाक अशी हवी,
नाक चपटं, शेपूट चपटी,
मधे मात्र फुगीर. तुमच्यासारखी."

त्याच्याकडे तीन होत्या.
पिवळीत बसलो तर शेपूट बुडाली,
कमरेइतक्या पाण्यात संध्येला उभा असावा
असा दिसलो मी लांबून.
हिरवी ऐसपैस. पण काही केल्या नाक बुडवेना,
लाटेवर सोफ्यासारखी बसली
आणि मला घेऊन आरामात वाहत गेली.
कपडे धुणाऱ्या बाईंनी बादली तेवढी उचलून घेतली.

तिसरी जांभळी, ओरखड्यांनी भरलेली.
ऋषिकेशच्या कुणा गाइडने
गुडघा गेल्यावर विकलेली.
"पाण्यात नंतर. आधी वीस मिनिटं कोरडे बसा."
बसलो त्याच्या ओसरीवर, शेळीच्या शेजारी.
दहाव्या मिनिटाला अंगठे मेले.
पंधराव्याला डावी मांडी दुसऱ्या कुणाची तरी झाली.
त्याने पायाचा टेकू काढला,
माझ्या अकरा नंबरच्या पावलांपुढे गादीचा फोम कापून बसवला,
कमरेचे पॅड दोन्हीकडून उपटले.
"हलवा आता कंबर."
हलवली.
बोट हलली.

हे सांगून कळायचं नाही.
आजवर मी हललो की खुर्च्या करकरल्या,
रिक्षा एका बाजूला कलल्या,
लोकांनी सरकून घेतलं.
कुणी माझ्यासोबत असं हललं नव्हतं.

सहस्रधारेत म्हणतात सहस्रार्जुनाने
हजार हातांनी नर्मदा अडवली होती.
मला दोन हात, एक वल्हं.
अडवायचं नव्हतंच मला काही.
खळग्यात नाक खुपसलं, सगळा भार पुढे टाकला,
आणि जांभळी उभी राहिली नाकावर,
तिच्यात मी, आकाशाकडे पाठ करून,
एक म्हणेपर्यंत.
दोन म्हणायच्या आत तोंडात पाणी.

टपावर बांधून इंदूरला आणली.
राजवाड्याजवळ सिग्नलला एकाने विचारलं,
"भिया, बच्चे का टब है?"
शर्वाणीने गच्चीवर जागा करून दिली, टाकीच्या मागे,
आणि किंमत दोनदा विचारली.

तीन महिने दर रविवारी पाणी.
काल सहज सियागंजात गेलो, काट्यावर चढलो.
"एक क्विंटल बारा," हमाल म्हणाला.
शर्वाणी खूश.
माझ्या पोटात धस्स.
आता कुठे ती मापाला आली होती.
मुकाट्याने सराफ्यात शिरलो
आणि गराडूची दुसरी प्लेट मागवली,
वरून लिंबू पिळून.