धोटा

साडेसहाशे रुपयांची बाहुली
स्टँडजवळच्या दुकानात, वरच्या फळीवर.
आडवी केली की डोळे मिटते.
मी ती तीनदा खाली काढायला लावली.
चौथ्यांदा दुकानदारानंच तोंड फिरवलं.

पगार शनिवारी, वाढदिवस गुरुवारी.
विट्यात असंच असतं,
आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तरी.

गुरुवारी सुटायच्या वेळेला
दस्तगीरमामा जॉबर आला.
"पोरीला पाच पूर्ण ना आज?"
आणि पेपरात गुंडाळलेलं लांबट काहीतरी
माझ्या डब्याच्या पिशवीत सारून
मागं न बघता गेला.

रस्त्यातच सोडून बघितलं.
धोटा.
झिजला म्हणून मागातनं काढलेला.
दोन्ही टोकांची लोखंडी नाकं कापलेली,
पॉलिश पेपरनं घासून घासून
लाकूड गालासारखं केलेलं,
वर शेंगतेलाचं बोट.

खरं सांगते, राग आला.
दहा तास ज्याची खटखट ऐकते,
उशीला डोकं टेकलं तरी
जो या कानातनं त्या कानात फेऱ्या मारतो,
त्यालाच आता पाहुण्यासारखं घरी न्यायचं?
ओढ्यात टाकावा वाटला.
ओढ्याला पाणी नव्हतं.

"आई, हे काय हाय?"
"काय नाही गं. लाकूड."

तेजलनं त्यातलं लाकूड सोडून दिलं
आणि 'काय नाही' तेवढं उचललं.

आधी इस्त्री झाली.
माझा पदर जमिनीवर पसरून
तिनं त्यावरचं सगळं विटं फिरवून काढलं.
मग मोबाईल.
कोइमतूरला गलाईच्या दुकानात
तिचा बाप भट्टीपुढं बसतो, त्याला लागला.
"पप्पा, तिकडं केक असतो का?
बरं. बरं. ठेव मग, आगीकडं लक्ष दे."
मी भाकरी थापता थापता थांबले.
तो काय म्हणाला, हे विचारायचं राहिलंच.

सुताच्या वाटेचा तो चिनी मातीचा डोळा
तिला जरा उशिरा दिसला.
तेव्हा कृष्णेतली मगर झाली,
भिलवडीहून मोरीतनं आली,
शेजारच्या समर्थच्या पोटरीला चावली.
त्याची आई भांडायला आली,
ती मगरीला बिस्किट भरवून गेली.

रात्री दिवा मालवायच्या आधी
धोट्याच्या पोटातली रिकामी जागा.
रोज तिथं मी भरलेली कांडी बसते.
एक कांडी, दुसरी कांडी, दिवसाला किती,
कधी मोजल्या नाहीत, मालक मोजतो.
त्या जागेत तेजलनं
एक शेंगदाणा झोपवला.
कापडाच्या काठाची चिंधी पांघरली,
कानापर्यंत. शेंगदाण्याला कान कुठं, ते तिलाच ठाऊक.

"आई, कारखान्यात हा काय खेळायचा?"
"इकडनं तिकडं जायचा. तिकडनं इकडं."
"आणि मग?"
"मग परत इकडनं तिकडं."
ती बराच वेळ गप्प.
"म्हणून झिजला व्हय," म्हणाली,
आणि त्याच्या पाठीवरनं हात फिरवला.
मला उगाच वाटलं
की माझ्याच पाठीवरनं.

शुक्रवारी मामा मागाखाली वाकून पट्टा बसवत होता.
माझ्याकडं बघून त्यानं हातानंच विचारलं,
मोडला का?
आमच्या कारखान्यात कुणी बोलत नाही,
बोललं तरी कुणाला ऐकू जात नाही,
चोवीस माग एका वेळी खटखटतात.
मी दोन्ही तळवे जोडून गालाला लावले,
झोपलंय,
आणि ओठांवर बोट ठेवलं.

मामानं मान हलवली.
हातातला पाना फडक्यात गुंडाळला
आणि त्या सगळ्या गदारोळात
चवड्यांवर, अगदी हळू,
माझ्या समोरून गेला.