स्टॉप नंबर सात

कवडूभाऊ चारी इंडिकेटर लावते,
मी खाली उतरली का मग दार पुरं उघडते.
म्हाळगीनगरच्या पुढं, डेअरीसमोर,
जिथं सिमेंट रोडचा काठ पोट्ट्यांच्या गुडघ्याएवढा
अन् खाली नुसती गिट्टी,
तिथं मी उजवा हात वर करून उभी राहते.
बस. एवढंच माहं काम.
महिन्याचे साडेआठ हजार त्या हाताचेच भेटते.

हात पाहून गाय थांबते.
खरंच. डेअरीवाल्याची पांढरी, एका शिंगाची,
रवंथ करत पाहते,
बस हलली का मग रस्ता ओलांडते.
ट्रकवाले थांबते, रातभर जागलेले,
स्टेअरिंगवर हनुवटी टेकवून पोट्टे मोजते.
नाही थांबत ते कारवाले,
ज्याइच्या मागच्या काचेवर पोरीचं नाव लिहून आहे.
नाही थांबत ते सर,
पुढच्या चौकात नागरिकशास्त्राची ट्यूशन घेते ते.
"ओ मावशी, हात खाली करा ना, उशीर होऊन राहिला!"

होऊ द्या ना, सर.
शाळा काही पळून नाही जाऊन राहिली.

त्या दिवशी धुकं होतं.
हुडकेश्वरकडून येणाऱ्या गाड्या
आधी आवाज होत्या, मग लाईट,
अन् मग एकदम गाड्या.
मृणाल पौनीकर, केजी टू,
गळ्यात पिवळी बाटली, नाक वाहून राहिलं,
एक पाय पायरीवर.
पट्टा तुटला. बाटली खाली गडगडली.
ती वाकली.

माहा हात रस्त्याकडं होता
अन् ती मोटरसायकल आली गिट्टीकडून,
बसच्या अन् काठाच्या मधातून.
तिकडून कोणी येते का?
मी दप्तराचा पट्टा धरून पोरीले ओढलं,
ओढलं म्हणजे कसं ओढलं, मले आठवत नाही,
फक्त कडक् आवाज आठवते,
अन् आतमधल्या पोट्ट्यांचं हसणं.
त्याइले वाटलं फटाका.

पाठीवर चौकोनी बॅग, हेल्मेट,
उजवा आरसा मोडका,
त्याले लाल टेप गुंडाळून.

तो टेप मी लावला होता.
पोळ्याच्या दिवशी, अंगणात बसून,
दातानं तोडून.

मृणाल रडली. बाटलीसाठी रडली.
बाकी तिले काही माहीत नाही,
नको माहीत व्हायले.
कवडूभाऊ म्हणे, "नंबर पाहिला का बाई?"
म्हटलं, "धुकं किती आहे, भाऊ."

रात्री सुगत आला.
मी ताट वाढलं, वांग्याची भाजी, भाकर.
त्यानं पाणी मागतलं.
मी त्याच्या समोर ती बाटली ठेवली,
चपटी, पापडासारखी,
वरून मृणालच्या नावाचं स्टिकर
अर्धं तसंच चिकटून.

लई वेळ तो काही बोललाच नाही.
मग म्हणे, "आई, नऊ मिनिटाचं होतं.
लेट झालं तर पैसे कापते."
काय होतं बे त्या बॅगीत?
"कोथिंबीर," म्हणे. "अन् ब्रेड."

मी त्याले काही म्हटलं नाही.
तो जेवला नाही, मी पण नाही.
भाकर सकाळी गाईले घातली,
त्याच पांढरीले.

दुसऱ्या दिवशी पौनीकरबाईले नवीन बाटली दिली,
इतवारीतून आणलेली, निळी.
पिवळी भेटली नाही.
ती म्हणे, "कायले तरास घेता मावशी,
तुमच्यामुळं तर पोरगी वाचली."
म्हणे, "त्या मेल्याचा नंबर भेटाले पाहिजे होता."

मी हात वर केला.
पहिले रस्त्याकडं, मग वळून गिट्टीकडं.
दोन्हीकडं पुरत नाही तो.
गाय थांबली. एक ट्रक थांबला.
अन् माह्या जिभेवर तवापासून
एमएच एकोणपन्नास,
अन् पुढचे चार आकडे,
गिळता येत नाही, थुंकता येत नाही.