लाभ, दोन, तीन

दोनच दिले होते दुकानदाराने,
पिशवीत पाणी भरून, रबरबँड मारून.
म्हणाला, तळ साफ ठेवतात, ताई, दुसरा काही त्रास नाही.
जणू कामाला बाई पाठवत होता.

त्यातला एक आठवड्यात गेला.
दुसरा फिल्टरच्या मागे जाऊन बसला
तो तिथून हलेना.
दिवा लावला की अजून आत.
मी दाणे टाकायचे, ते भिजून फुगायचे,
संध्याकाळी मीच काढून टाकायचे.

मामंजी सोफ्यावर बसतात पाय वर घेऊन,
होडीत बसत असतील तसे.
दिवाळ्याचं घर सोडून
कोपरखैरण्यात आमच्याकडे आल्यापासून
आमचं बोलणं म्हणजे : गोळी घेतली?
घेतली.

एक दिवस पेपरमागून म्हणाले,
"एकला शिंगाला कंदी पायलास का?"

मी घाटावरची. शिंगाळा मला
बाजारात, टोपलीत, मेलेलाच माहीत.
हा बोटभर, ठिपक्याठिपक्यांचा मिशाळ जीव
त्याचा लांबचा का होईना भाऊबंद,
हे मला कोण सांगणार?

आणखी पाच आणले.
खडी उपसून बारीक वाळू घातली
(खडीने त्याच्या मिशांचे नुसते खुंट उरले होते).
पाचांना सोडलं. अर्धा तास काहीच नाही.
मग फिल्टरमागून तो आला
आणि सरळ त्यांच्या मधोमध शिरला.
खुंट नसते तर
कोणता जुना, मला सांगता आलं नसतं.

आता सहाही जण वाळूत तोंड खुपसून निघतात
या काचेपासून त्या काचेपर्यंत,
कल्ल्यांतून वाळू सांडत.
एकजण थांबला की बाकीचे थांबतात,
का थांबलो ते कुणालाच माहीत नसावं.
डोळा गर्रकन खाली फिरवतात, मिचकावल्यासारखा.
मधेच एक सुटतो सुळ्ळकन वर,
बाहेरची चिमूटभर हवा गिळतो
आणि खाली. लगेच दुसरा.
लगेच तिसरा, त्याला गरज असो नसो.
दुपारी पंप बंद करून बघते तेव्हा
एकमेकांना टेकून पडलेले असतात,
बूट काढून ठेवल्यासारखे.

गेल्या महिन्यात टाकी धुवायला काढली
तेव्हा एकाचा काटा जाळीत अडकला.
जितकी सोडवायला जाते तितका रुतत जातो.
मी ओढणार, तर मागून हात आला,
अंगठ्यावर जुना पांढरा व्रण असलेला.
"जालं काप. त्याला नको खेचू."
स्वयंपाकघरातली कात्री त्यांनीच आणली.
नव्वद रुपयांची जाळी.
चष्मा नाकावर सरकवून
एकेक दोरा कापत बसले,
आणि ओल्या मुठीत धरून
त्याला पाण्यात ठेवला. सोडला नाही, ठेवला.

खाडीत चाळीस वर्षं काढली यांनी.
कधी जाळं कापलं होतं का, विचारावंसं वाटलं.
विचारलं नाही.

रात्री दिवा मालवायच्या आधी
काचेला कपाळ लावून मोजतात :
लाभ, दोन, तीन, चार…
मग एक हलतो, मग सगळेच हलतात,
मग पुन्हा लाभपासून.
मी कणकेच्या हातांनी ओट्याशी उभी :
किती झाले?
"थांब गो. चुकवलास."