उभ्या गाडीचं डिझेल

सोहारच्या यार्डात माझं टेबल
जुन्या टायरांच्या ढिगाकडे तोंड करून.
बेचाळीस ट्रेलर, बेचाळीस ओळी,
कोण कुठे किती प्यायलं ते मी लिहिते.
माघारी ड्रायव्हर मला डिझेलबाई म्हणतात.
म्हणू देत.

हे शास्त्र मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही.
जळगावच्या भाड्याच्या दोन खोल्यांत
सिलिंडर लावला की तारीख कॅलेंडरवर टिपायची,
वरणाला उकळी आली की ज्योत बारीक, वर झाकण,
आणि शिजायच्या दोन मिनिटं आधीच बंद.
उरलेलं काम वाफ करते.
मुबारकशेठना मी मोडक्या अरबीत तेच सांगितलं :
गोलचक्कर लांबून दिसलं की पाय उचला,
गाडी आपसूक जाते तेवढी जाऊ द्या.
शेठ हसले.
तिसऱ्या महिन्याचं बिल बघून
हसायचे थांबले, आणि खुर्ची बदलून दिली.

आधी हवा सापडली. टायरातली.
सोळा गाड्या पोट टेकून चालल्यासारख्या चालत होत्या.
आता पहाटे, रबर गार असताना,
सज्जाद तुंगेकर गेज घेऊन फिरतो
आणि आकडे ओरडून सांगतो, दापोलीच्या हेलात.

मग वेग.
पंच्याण्णवचे पंच्याऐंशी केले :
सलालाला दीड तास उशीर,
टाकीत चाळीस लिटर शिल्लक.
जुलैत तिकडचा वारा समोरून येतो,
त्याच्याशी जितकं जोरात भांडाल
तितकं भांडणाचं बिल मोठं.
आणि रिकाम्या परत येणाऱ्या गाड्या!
हजार किलोमीटर नुसती हवा वाहून आणायची.
थुमरैतला जिप्समची खेप ठरवली
त्या दिवशी मी एकटीनेच आइस्क्रीम खाल्लं.

एक ओळ मात्र हटेना.
गाडी सत्तावीस. हैमा.
इंजिन चालू, वेग शून्य,
बारा ते पाच, रोज.
पंधरा लिटर, जागच्या जागी.

फोन केला. शेर वली, दीरचा.
मी म्हटलं, उभी गाडी डिझेल पिते कशी?
तो म्हणाला, गाडी नाही पीत, बाई.
मी झोपतो.

माझा विश्वास बसला नाही असं नाही,
पण आकड्याला प्रश्न विचारायची सवय.
तपासणीच्या पिकअपमधून गेले हैम्याला.
सत्तेचाळीस अंश. सावली फक्त ट्रेलरच्या पोटाखाली,
तिथे आधीच एक कुत्रं.
केबिनमध्ये चढले,
चावी मीच फिरवली. बंद.
घड्याळ लावून बसले.

चौथ्या मिनिटाला चष्मा घसरला.
सातव्या मिनिटाला स्टिअरिंगला हात लागला,
तव्याला लागावा तसा.
अकराव्या मिनिटाला दार मी उघडलं की त्याने,
आठवत नाही.
तो काही बोलला नाही.
पाण्याची बाटली पुढे केली,
पाणी चहाएवढं गरम.

परत येऊन बॅटरीवर चालणाऱ्या एसीचं
कोटेशन मागवलं, बेचाळीस नग.
शेठ म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.
मग मी तक्त्यात एक नवा रकाना ओढला,
वेग आणि वजन यांच्या मधे : झोप.
पंधरा लिटर ‘वाया’मधून उचलून तिथे मांडले.
शेठनी लाल पेनाने खोडलं.
पुढच्या महिन्यात मी परत लिहिलं.
त्यांनी परत खोडलं, पण पेन्सिलीने.

आज पडद्यावर सत्तावीस नंबरचा ठिपका
आदम ओलांडून गेला,
पंच्याऐंशीने, भरल्या पोटी,
वळणापाशी पाय उचलून.

सात वाजता खोलीवर आले.
कुलूप काढलं तर आतून गार झुळूक :
सकाळी घाईत एसी चालूच राहिला होता.
अकरा तास. कुणी नव्हतं आत.
पर्स खांद्यावरच ठेवून
मी दारात उभी राहिले,
मनातल्या मनात रकाना शोधत.