साडेपाच तास

चोडणात यंत्रं आतून मरतात.
वरून सगळं ठीक दिसतं, आणि पोर्टाच्या पितळी दातांवर
हिरवट मीठ.
म्हणून पेन ड्राइव्ह उकड्या तांदळाच्या बरणीत ठेवते.
पेजेसाठी तांदूळ काढताना आईनं एकदा
माझा तीन वर्षांचा बॅकअप मापट्यात घेतला,
"हें कितें गो?" म्हणाली,
आणि फुंकर मारून परत टाकला.

राउटरच्या पाठीमागे पाल राहते.
तिला ऊब हवी, मला रेंज.
दिवा लाल झाला की आम्ही दोघी एकदमच दचकतो.

लिहून ठेवायची सवय जुनी.
कुठलं प्लगइन कुणाशी भांडतं,
एक्स्टेन्शन बोर्डाचं कुठलं भोक मेलेलं आहे,
कुठलं अपडेट शुक्रवारी करू नये
(कुठलंच).

आता हे लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते.

खाजनाच्या बांधावर मानस आहे,
मानशीला फळ्यांची दारं, दारांना सांतान बाब.
गावच्या संस्थेसाठी मी एक पान केलं होतं:
भरती कधी, ओहोटी कधी, वर चंद्राची कोर,
आणि आकडे एवढे मोठे
की बाबांच्या मोतीबिंदूलाही दिसावेत.
वेळा मोजायचं काम एका फुकट प्लगइनकडे.
ते लिहिणारा कुठल्या थंड देशात राहतो ठाऊक नाही.
स्वतःच्या फोटोच्या जागी त्यानं
भिंतीला टेकलेली सायकल लावली आहे.

नव्या आवृत्तीत त्यानं घड्याळ
ग्रिनिचच्या खुंट्याला बांधलं.
तशी टीप होती. मी वाचली नव्हती.

साडेपाच तास.
दुसऱ्या कुणाची मीटिंग चुकली असती.
इथं साडेपाच तास म्हणजे
भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटीच.
एकोणीस दिवस माझं पान सांगत होतं,
उघडा दारं, पाणी उतरलंय,
तेव्हा मांडवी दाराशी
तोंड भरून उभी असायची.

कळलं तेव्हा रात्रीचे सव्वादोन.
स्कूटर काढली, हेल्मेट विसरले.
रस्ताभर डोळ्यांसमोर पोटरीला आलेला कोरगुट,
त्यात शिरलेलं खारं पाणी,
संस्थेची सभा, इतिवृत्तात माझं नाव.

सांतान बाब मानशीवर बसून जाळं झाडत होते.
शेत कोरडं नव्हतं, पण गोडं होतं.
दगडाला टेकवून ठेवलेला फोन, स्क्रीन पूर्ण उजळ,
तिच्यावर माझं पान, मोठ्या आकड्यांत खोटं बोलणारं.
पानावर भरती,
आणि मानशीतून पाणी मुकाट बाहेर चाललेलं.

"बाब, वेळ चुकीची दाखवतंय ते!"
"म्हाका खबर आसा."
"मग लावून कशाला ठेवलंय?"
"उजवाड बरो पडटा."

आणि त्या उजेडात ते सुंगटं निवडत राहिले,
बारकी परत पाण्यात, मोठी टोपलीत.
थोड्या वेळानं म्हणाले, फळीला कान लाव.
लावला. मला फक्त पाणी ऐकू आलं.
त्यांना बहुधा वेळ ऐकू येत असावी.
की नुसती गंमत करत होते, कोण जाणे.

दुरुस्ती एका ओळीची निघाली.
सायकलवाल्याला पत्र लिहिलं: चूक तुमची नाही,
पण तुमच्या घड्याळामागे एक शेत आहे,
एवढं ठाऊक असावं.
उत्तर आलेलं नाही. तिकडे रात्र असेल,
किंवा त्यानं हे सगळं केव्हाच सोडून दिलं असेल.

पुढच्या आवृत्तीत मी डार्क मोड देणार होते,
डोळ्यांना आराम म्हणून.
निघताना बाबांना सांगितलं तर जाळं थांबलं.
"काळोख करूं नाका गो."

काढून टाकला.
नोंदीत कारण लिहायचा रकाना असतो,
तिथं लिहिलं: सुंगटं दिसत नाहीत.