डावा गाल

मे महिना.
आमच्या खोलीतला कूलर वाळ्याचा नुसता वास देतो.
एसी फक्त उंदरांकडे:
त्यांना बावीस अंश लागतात,
आम्हांला सेहेचाळीस चालतात.

डोमाजी खोब्रागडे पिंजरे बदलतो,
शेपटीवरच्या जांभळ्या रेघा वाचतो.
एक रेघ, नळीने तोंडावाटे.
दोन रेघा, पोटात सुई.
तीन, पाठ भादरून कातडीवर थेंब.
एकोणीस वर्षांत त्याने मला
कामापलीकडचं एकच विचारलं:
"माल त एकच हाय ना, मॅडम?
मंग पाजा का टोचा,
आंगात त जातेच!"

जातंच.

काळोख्या खोलीत मी पेशी मोजते,
एका उंदरामागे दोन हजार.
रंग चढला की कोवळ्या लाल पेशी
कळमन्याच्या ढिगासारख्या नारिंगी,
आणि एखादीत हिरवट ठिपका:
गुणसूत्र तुटलं, पेशीची वाटणी झाली,
तेव्हा कुणाच्याच वाट्याला न आलेला तुकडा.

सुईवाल्यांच्या मज्जेत असे एकतीस, सदतीस, चाळीस.
नळीवाल्यांच्या मज्जेत तीन.
नुसतं पाणी प्यायलेल्यांइतकेच.
मी "परिणाम नाही" असं लिहून
पेनाला टोपणसुद्धा घातलं होतं.

कुकडे मॅडम म्हणाल्या, यकृत बघितलंस?

बघितलं.
तोंडातून आलेल्याला आधी आतडं भेटतं, मग यकृत.
यकृत त्याला मोडतं,
पण मोडता मोडता कधी
आपल्याच हाताने त्याला धार लावून देतं,
आणि ती धार तिथेच चालते, घरातल्या घरात.
हाडापर्यंत पोचायला काही उरतच नाही.
मज्जा खोटं बोलली नव्हती.
तिच्याकडे कुणी आलंच नव्हतं.

हे सगळं मी डोमाजीला सांगितलं,
चहाच्या पेल्याला आतडं करून, बशीला यकृत.
त्याने ऐकलं,
खर्रा जिभेने गालात आणखी मागे सरकवला,
आणि म्हणाला,
"माह्यं पाहता का?"

माणसाचा नमुना घ्यायची परवानगी नव्हती.
रविवार होता.
लाकडी पट्टीने मी त्याचे दोन्ही गाल खरवडले,
काचेवर फक्त "डा" आणि "उ" लिहिलं,
त्याचं नाव नाही.

उजव्या गालात हजारात दोन.
डाव्यात चौदा.

माणूस एक, रक्त एक,
मधे फक्त जिभेएवढं अंतर.
पानठेल्यावर पन्नीत घोटून घेतलेला शंभर-वीस
बावीस वर्षं ज्या बाजूला दाबून धरला
ती बाजू.

मी दुसऱ्यांदा मोजले.
तिसऱ्यांदा मोजताना
डावी काच कुठली ते मुद्दाम न बघता मोजले.
तरी ओळखू आली.

सोमवारी सांगितलं.
टाटाला नको, इथल्याच दवाखान्यात दाखव, म्हटलं,
आजच काही झालंय असं नाही, म्हटलं,
बरंच काही म्हटलं.
तो पिंजऱ्यात भुसा पसरत राहिला.
मग वर बघून, अगदी गंभीरपणे,
"मंग आता उजवीकून ठेवू काय?"

हसू आलं दोघांनाही.
त्याचं आधी थांबलं.

नोंदवहीत एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा.
त्याच्यासाठी रकाना नव्हता.
त्याने खिशात हात घातला,
पन्नी चुरचुरली,
आणि त्या गारव्यात
सगळ्या पिंजऱ्यांमधले कान
एकदम त्याच्याकडे वळले.