पांढऱ्या फांदीचं बी

जर्मनच्या ताटलीत चार रोपं घेऊन
पंचफुला खंडारे आली
शाळा सुटता सुटता, प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी.
दोन-दोन दळं उघडलेली, देठापासून टोकापर्यंत
भिजल्या उडदाच्या डाळीसारखी पांढरी.
"रोग हाये का काही, भाऊ? फवारा मारू?"

मी मास्तर नाही.
पांगरखेडच्या शाळेत काचेच्या नळ्या धुतो,
पण सूक्ष्मदर्शकाच्या पेटीची किल्ली माझ्याकडे असते.

गुलबास तिच्या मोटारीच्या खोलीमागचा.
बहुतेक फांद्या हिरव्या, दोन-तीन चट्ट्यापट्ट्यांच्या,
आणि एक
नुसती कोरी.
त्या कोऱ्या फांदीच्या कळ्या तिनं दुपारी सोलल्या,
नखानं केसर खुडले,
आणि चारनंतर, गुलबास उमलायच्या वेळी,
हिरव्या फांदीचा पराग टेकवून लाल दोरा बांधला.
तेवीस वर्षं सरकीच्या प्लॉटवर, रोजानं,
हेच तर करत आली होती.
"बाप हिरवा पाहून देल्ला न म्या.
मंग लेकरं पांढरे काहून?"

मी पान चिरून काचेवर ठेवलं. तिला डोळा लावायला सांगितलं.
हिरव्या पानाच्या पेशीत लवकं
भरल्या कणसासारखी दाटलेली.
पांढऱ्याच्या पेशीतही असतात, म्हटलं,
पण रंग न चढलेली, उन्हाचा स्वयंपाक न येणारी.

मग धुऱ्यावरच्या मक्याचा पराग घेतला,
वर आयोडीनचा थेंब.
कण कण काळानिळा झाला.
"पीठ हाये?"
पीठच. तेही लवकांनीच साठवलेलं,
नळी काढत बीजांडापर्यंत पोचायला पुरेल एवढं.
त्याचा पराग वांझ निघतो
ज्याची ही पुरचुंडी भरत नाही.
पण आत जाताना बहुतेक झाडांत
बापाची लवकं उंबऱ्याबाहेरच राहतात,
पायातल्या वहाणांसारखी.
हिरवेपण येतं ते आईच्या अंड्यातून.

ती बराच वेळ काचेतच पाहत राहिली.
"म्हंजे पाहुणा आपली शिदोरी खाऊन आला,
आन् चूल मायचीच."
मग हसली, एकदम, तोंडावर पदर न घेता.
"सातबाऱ्यावर लिवतात का हे कुठं?
आमच्या प्लॉटच्या बियाच्या थैलीवर त
कंपनीचंच नाव असते."

मला वाटलं, संपलं.
तिनं ओच्यातून एक काळं बी काढलं,
दगडावर ठेचलं.
आत पांढरंशुभ्र पीठ, लहानपणी पोरी
तोंडाला लावतात ते.
"कोऱ्या फांदीले रांधता येत नाही म्हणता.
मंग हे पीठ कोणाचं?"

माझ्याकडे उत्तर पुस्तकातलं होतं,
पण तिच्यासमोर ते हळू बोलावं लागलं:
शेजारच्या हिरव्या फांद्यांचं.
त्या साखर धाडतात सालीखालून.
कोऱ्या फांदीचं काम ती घेऊन पीठ करून ठेवायचं.
रंग नसलेल्या लवकांना तेवढं येतं.
त्याच पिठावर हे पोर उगवलं. दहा-बारा दिवस.

"बारा दिवस," ती म्हणाली,
आणि ताटली उचलून घेऊन गेली. पाणी घालत राहिली म्हणे.
अकराव्या दिवशी चौघंही देठातून वाकली.

पुढं कापूस फुटेपर्यंत ती दिसली नाही.
मग एकदा सायकलवरून जाताना
मोटारीच्या खोलीमागं हिरव्या फांदीला
निळा दोरा बांधलेला दिसला.
उलटं करून पाहिलं होतं तिनं,
आई हिरवी, पराग कोऱ्याचा.
मला दाखवायला आली नाही.

खाली मातीच्या फुटक्या घागरीत
सहा रोपं, सहाही हिरवीगार.
एक तिनं उपटून बाजूला ठेवलं होतं.
मुळाशी काळं टरफल अजून चिकटलेलं,
बोटानं दाबलं तर
आत पीठ उरलं नव्हतं.